पडला की पाडला? डोक्याचा मार आणि मृत्यूनंतरची सीटी

प्रश्न एका वकिलांनी विचारला आहे. त्यांच्या पक्षकाराचा भाऊ इमारतीच्या जिन्याखाली बेशुद्ध सापडला. रुग्णालयात नेल्यावर सीटी (म्हणजे सीटी स्कॅन, क्ष-किरणांनी काढलेली शरीराच्या कापांची चित्रे) झाली, दुसऱ्या दिवशी तो गेला. शवविच्छेदनाच्या अहवालात मृत्यूचे कारण म्हणून 'डोक्याला दुखापत' एवढेच लिहिले आहे. पोलीस म्हणतात पाय घसरून पडला, घरचे म्हणतात मारहाण झाली. वकिलांना तीन गोष्टी हव्या आहेत: शवविच्छेदनाआधी मृतदेहाची सीटी केली असती तर खरे काय ते कळले असते का; परदेशात नुसती सीटी करून भागवतात तसे आपल्याकडे का करत नाहीत; आणि आता उशिरा काही करता येईल का.

सरळ उत्तर आधी देतो. सीटीत कवटीची चीर दिसते, ती कशामुळे पडली हे सीटीत लिहिलेले नसते. पडला की पाडला, की आधी मारला आणि मग पाडला, हा निष्कर्ष चार ठिकाणची माहिती एकत्र करून काढायचा असतो: डोक्याची कातडी, कवटी, मेंदू आणि घटनास्थळ. यातल्या कवटीबद्दल सीटी शवविच्छेदनापेक्षा बरेचदा जास्त सांगते, मेंदूबद्दल अर्धेमुर्धे सांगते, कातडीबद्दल जवळजवळ काहीच नाही, आणि जिना तर पंचनाम्यातच असतो. तरीही डोक्याला मार लागलेल्या प्रत्येक मृतदेहाची, शक्य तिथे, कवटी उघडण्याआधी सीटी व्हावी असे माझे ठाम मत आहे. त्याचे कारण आपल्या शवागारात कवटी कशी उघडली जाते, हे आहे.

विजेची करवत सगळीकडे नसते. जिथे असते तिथेही शेवटचा जोर छिन्नी-हातोड्यानेच लावला जातो. आधीच तडकलेल्या कवटीवर हातोडा बसला की जुनी चीर पुढे सरकते, कधी नवीच पडते. अनुभवी डॉक्टर कडा बघून फरक ओळखतो: जिवंतपणी पडलेल्या चिरेच्या कडेला रक्त मुरलेले असते, हातोड्याची चीर कोरडी असते. पण जुनी चीर नेमकी कुठे संपत होती हे त्यानंतर शपथेवर सांगणे अवघड होते, आणि उलटतपासणीत बचाव पक्षाचा पहिला प्रश्न हाच असतो. दुसरी अडचण कवटीच्या तळाची. मेंदू काढून घेतल्यावर तळाला ड्युरा हे जाड आवरण घट्ट चिकटलेले असते. ते सोलून काढल्याशिवाय खालचे फ्रॅक्चर दिसत नाही, आणि गर्दीच्या दिवशी ते सोलले जातेच असे नाही. 'कवटीचा तळ: अखंड' हे वाक्य वाचले की ड्युरा सोलला होता का, हे मी आधी विचारतो. तिसरी अडचण चेहऱ्याची. गालाची, नाकामागची, डोळ्याच्या खोबणीची हाडे शवविच्छेदनात सहसा उघडतच नाहीत. चेहरा विद्रूप होऊ नये ही नातेवाइकांची अपेक्षा असते आणि ती योग्यच आहे. पण ठोसे बसतात ते चेहऱ्यावरच. सीटी यातल्या कशालाही हात न लावता सगळे जसेच्या तसे नोंदवून ठेवते, आणि दहा वर्षांनी दुसरा तज्ज्ञ तेच पुन्हा उघडून बघू शकतो. शवविच्छेदन दुसऱ्यांदा करता येते, पण तोवर पहिले होऊन गेलेले असते.

खरे तर सीटीचा जन्मच डोक्यासाठी झाला. सीटीचे जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिला रुग्ण तपासला तो लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात, 1 ऑक्टोबर 1971 रोजी, आणि ती तपासणी मेंदूचीच होती. हाउन्सफील्ड यांच्या नावाच्या एककात प्रत्येक ठिपक्याची घनता मोजतात: पाणी 0, हवा उणे 1000, मेंदू साधारण 25 ते 40, ताजे गोठलेले रक्त 60 ते 80, टणक हाड 1000च्या आसपास आणि पुढे. म्हणून ताजी गुठळी मेंदूपेक्षा पांढरी दिसते. दिवस जातात तशी ती करडी होते, दोन-तीन आठवड्यांत मेंदूच्याच रंगाची होऊन नजरेतून निसटते आणि त्यानंतर काळी पडते.

मृतदेहाची सीटी काही बाबतींत जिवंत माणसापेक्षा सोपी असते. हालचाल नाही, श्वास नाही, किरणांच्या मात्रेची चिंता नाही. त्यामुळे अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे पातळ काप घेता येतात, तेही हाडासाठी आणि मऊ भागासाठी वेगवेगळी प्रक्रिया करून. इथे कंजूषी करू नये. पाच मिलिमीटरच्या जाड आडव्या कापांत आडवीच चीर असेल तर ती दोन कापांच्या मध्ये हरवते. पातळ कापांवरून उभे, बाजूचे आणि त्रिमितीय चित्र बांधले की तीच चीर लख्ख दिसते. उलट बाजूचा धोकाही सांगतो: कवटीचे सांधे, त्या सांध्यांतली जादा हाडे आणि रक्तवाहिन्यांच्या खोबणी या तिघांनाही नवखा माणूस फ्रॅक्चर म्हणून लिहून मोकळा होतो. सांधा नागमोडी असतो, वाहिनीच्या खोबणीची कड गुळगुळीत असते आणि ती कवटीच्या दोन्ही थरांतून आरपार जात नाही.

आता मुख्य मुद्दा, पडणे आणि मारणे.

डोके स्थिर असताना त्यावर काही आदळले तर मेंदूची इजा मुख्यतः माराच्या खालीच होते. डोकेच वेगाने जाऊन जमिनीवर आदळले तर मेंदू विरुद्ध बाजूला जास्त फाटतो. माणूस मागच्या मागे पाठीवर पडला, डोक्याची मागची बाजू फरशीवर आपटली, तर फ्रॅक्चर मागे सापडते आणि मेंदूचा चुराडा पुढे, कपाळामागच्या आणि कानशिलाच्या टोकांना. ही जोडी सीटीत एकदा दिसली की हलते डोके थांबलेल्या पृष्ठभागावर आदळले असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते. पण 'हलते डोके' म्हणजे 'पाय घसरला' नव्हे. धक्का दिला तरी डोके हलतेच. कानशिलात फटका बसून कोसळलेला माणूसही फरशीवर असाच पडतो. आपल्याकडे न्यायालयांत या एका टप्प्यावर सर्वांत जास्त घोळ होतो: डॉक्टर 'पडल्यामुळे' असे लिहितात आणि वकील ते 'अपघाताने' असे वाचतात.

माराची खूण वेगळी असते. हातोडी, दगडाचा कोपरा, पहारीचे टोक अशा छोट्या पृष्ठभागाने कवटी आत दाबली जाते, आणि खड्ड्याचा आकार कधी कधी हत्याराच्या आकाराशी जुळतो. सीटीवर तो खड्डा किती मिलिमीटर खोल, कुठल्या बाजूला जास्त उतरता हे मोजता येते, आणि त्याची प्रतिकृती छापून हत्याराशी ताडता येते. सपाट फरशी असा खड्डा सहसा करत नाही, जिन्याच्या पायरीची कड मात्र कधी करू शकते. एकापेक्षा जास्त मार बसले असतील तर त्यांचा क्रमही लावता येतो. जर्मन न्यायवैद्यक गेओर्ग पुप्पे यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो, की दुसऱ्या माराची चीर पहिल्या माराच्या चिरेपाशी येऊन थांबते, कारण तिला पुढे जायला अखंड हाड उरलेले नसते. तडा गेलेल्या खिडकीच्या काचेवर पुन्हा दगड मारला की हेच होते. त्रिमितीय सीटीवर चिरा फिरवून फिरवून बघता येतात म्हणून हे काम तिथे शवविच्छेदनाच्या टेबलापेक्षा सोपे जाते. एकमेकांपासून दूर, वेगवेगळ्या दिशांना दोन-तीन आघातबिंदू दिसत असतील तर एका साध्या पडण्याने ते स्पष्ट करणे कठीण होते.

टोपीच्या कडेच्या रेषेचा एक जुना नियम पुस्तकांत आहे: रेषेच्या वरचा मार बहुधा मारहाणीचा, खालचा बहुधा पडण्याचा. तो वाचून कुणी तुमच्यासमोर फडकवला तर एवढे लक्षात ठेवा, की तो सपाट जमिनीवर उभ्याने पडलेल्या माणसासाठी आहे. जिना, गच्ची, उतार, पायाखालची वाळू, यांना तो लागू नाही. तुमच्या प्रकरणात तो निरुपयोगी आहे, दोन्ही बाजूंना.

आणखी काही आकार माझ्या डोळ्यांना लगेच दिसतात. कवटीच्या तळाला आडवी आरपार चीर, जणू तळाचे दोन भाग झालेत, ही दुचाकी अपघातांत नेहमी भेटते. पाठीचा कणा जिथे कवटीला मिळतो त्या छिद्राभोवती गोल फ्रॅक्चर असेल तर उंचावरून पायांवर किंवा बैठकीवर पडून पाठीचा कणा कवटीत घुसला का, ते बघावे लागते. गोळीच्या जखमेत हाडाचा उतार आत असतो तिथून गोळी शिरलेली असते आणि बाहेर असतो तिथून बाहेर पडलेली. सीटी गोळीचे तुकडे कुठे आहेत ते दाखवते, त्यामुळे मेंदू उगाच चाळत बसावे लागत नाही. पण बंदूक किती अंतरावरून झाडली हे काजळी आणि दारूच्या कणांवरून ठरते, आणि ते बघायला डोळेच लागतात.

मुंबईत रुळांवर सापडलेल्या मृतदेहांबाबत एक वेगळा प्रश्न येतो: गाडी लागली तेव्हा माणूस जिवंत होता का? डोक्याच्या तळाचे फ्रॅक्चर होऊन नाका-घशात रक्त उतरले आणि श्वास चालू असेल, तर ते रक्त फुप्फुसात ओढले जाते, गिळलेही जाते. मेंदूभोवतीची मोठी शीर फाटली आणि हृदय चालू असेल तर तिथून हवा ओढली जाऊन हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोहोचू शकते. या खुणा सीटीत दिसतात, फक्त नुसत्या डोक्याची नव्हे तर छातीपर्यंत सीटी केलेली असली तरच. म्हणून 'फक्त हेड' असा फॉर्म भरू नका.

आता सीटी कुठे फसवते ते. रेडिऑलॉजिस्ट दिवसभर जिवंत माणसे बघतो. मृत्यूनंतर रक्त खाली साचते. मृतदेह उताणा असेल तर डोक्याच्या मागच्या मोठ्या शिरा पांढऱ्या दिसू लागतात आणि सवयीने 'शिरेत गुठळी' असे लिहिले जाते. मृत्यूनंतर मेंदूची घनता उतरते, राखाडी आणि पांढऱ्या भागातला फरक पुसट होतो आणि त्या काळवंडलेल्या मेंदूच्या घड्यांमधल्या शिरा व आवरणे उजळ वाटून सबअरॅक्नॉइड (मेंदूला लागून असलेल्या आवरणाखालच्या) रक्तस्रावाचा भास होतो. जिवंत रुग्णात हे दिसले तर धावपळ करावी लागते. मृतदेहात त्याचा अर्थ बहुधा 'काही तास झाले आहेत' एवढाच. कुजायला लागलेल्या मृतदेहात मेंदूत आणि रक्तवाहिन्यांत वायू दिसतो, तो मारामुळे शिरलेला नसतो. उन्हाळ्यात शीतकपाट बंद असलेल्या शवागारातून आलेल्या सीटीवर मेंदूबद्दल मी फारसे बोलत नाही, हाडांबद्दल मात्र बिनधास्त बोलतो. जळालेल्या मृतदेहात उष्णतेमुळे कवटीच्या आत, ड्युराच्या बाहेर रक्त साचते. ते मारामुळे झालेल्या एक्स्ट्राड्युरल गुठळीसारखे दिसते, पण सीटीवर त्यात बुडबुडे असतात, पोत फसफसलेला असतो, आणि ते रक्तवाहिनीला छेदणाऱ्या फ्रॅक्चरशी जुळत नाही. अशा प्रकरणात घाईने खून लिहून एका निरपराध माणसाला तुरुंगात पाठवता येते.

मृत्यूनंतरची मोडतोड आणि जिवंतपणीची इजा यांतला गोंधळ किती दूर जाऊ शकतो, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन याचे. 1968 मध्ये लिव्हरपूल विद्यापीठाच्या हॅरिसन यांनी त्याच्या ममीचे एक्स-रे काढले, कवटीत हाडाचे सुटे तुकडे दिसले, आणि डोक्यात घाव घालून राजाचा खून झाला ही गोष्ट जगभर पसरली. जानेवारी 2005 मध्ये इजिप्तमध्ये त्याची सीटी झाली, सुमारे 1700 प्रतिमा निघाल्या. ते तुकडे ममी करताना कवटीत ओतलेल्या राळेत रुतलेले नव्हते, सुटे होते. म्हणजे राळ घट्ट झाल्यानंतर ते मोडले होते. इजा जिवंतपणी झाली असती तर राळेने त्यांना धरून ठेवले असते. खुनाचा तो पुरावा तिथेच संपला. उलट, सेकेनेन्रे या दुसऱ्या फेरोच्या 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीटी अभ्यासात ममी तयार करणाऱ्यांनी लेपाखाली लपवलेल्या डोक्याच्या आणखी जखमा सापडल्या आणि एकापेक्षा जास्त हल्लेखोर असल्याचा निष्कर्ष निघाला. यंत्र तेच, एकीकडे खुनाचा संशय गेला, दुसरीकडे तो पक्का झाला.

सीटीला काय दिसत नाही याची यादी थोडक्यात. डोक्याच्या कातडीखालचा काळानिळा डाग, जो कातडी उलटल्यावर एका दृष्टिक्षेपात दिसतो आणि मार कुठे कुठे बसला ते सांगतो, तो सीटीत नुसती थोडी सूज म्हणून येतो किंवा येतच नाही. जखमेत अडकलेला रंग, लाकडाची ढलपी, मातीचा कण. मेंदूवर पसरलेला अगदी पातळ सबड्युरल (ड्युराखालच्या रक्ताचा) थर. मेंदूच्या खोडातले बारीक रक्तस्राव. माणूस जागच्या जागी गेला असेल तर चुराडा झालेल्या भागात रक्त उतरायलाच वेळ मिळालेला नसतो, मग सीटीवर तो भाग जवळजवळ निरोगी दिसतो. मेंदूतले तंतू ताणून तुटले असतील तर ते सूक्ष्मदर्शकाखाली, खास रंग लावून आणि दोन-तीन तास तरी माणूस जगला असेल तरच नीट दिसतात. त्यामुळे 'सीटीत मेंदू ठीक, म्हणून डोक्याच्या माराने मृत्यू नाही' हे विधान मी कुणाच्याही तोंडून ऐकून घेत नाही.

यावरून परदेशाबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर निघते. स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठात नव्वदच्या दशकाच्या शेवटी मिखाएल थाली, रिचर्ड डिर्नहोफर आणि सहकाऱ्यांनी 'व्हर्टॉप्सी', म्हणजे शरीर न उघडता प्रतिमांवरून शवविच्छेदन, हा प्रकल्प उभारला आणि 2003 मध्ये 40 मृतदेहांचे सीटी-एमआरआय शवविच्छेदनाशी पडताळून प्रसिद्ध केले. मेलबर्नच्या व्हिक्टोरियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेन्सिक मेडिसिनमध्ये 2005 पासून शवागारातच सीटी आहे. येणारा जवळजवळ प्रत्येक मृतदेह आधी तिच्यातून जातो आणि मग उघडायचा की नाही ते ठरते. पण संशयास्पद मृत्यूत तिथेही चाकू बाजूला ठेवलेला नाही. मँचेस्टर आणि ऑक्सफर्डच्या 182 मृत्यूंचा 2012 चा अभ्यास बघा: सीटीवरून सांगितलेले मृत्यूचे कारण आणि शवविच्छेदनाचे कारण यांत सुमारे 32 टक्के प्रकरणांत मोठी तफावत निघाली. चुकले ते मुख्यतः हृदयविकार, फुप्फुसातली गुठळी, न्यूमोनिया. डोक्याच्या माराशी याचा संबंध काय? जिन्यावरून पडलेल्या माणसाला आधी हृदयाचा झटका आला नव्हता ना, हा तुमच्याच खटल्यातला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर साध्या सीटीत नाही. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मदतीने मार्च 2021 मध्ये अशाच व्हर्च्युअल ऑटोप्सीचे केंद्र सुरू झाले. जिल्हा पातळीवर मात्र सीटीचे यंत्र जिवंत रुग्णांचे असते, रांग मोठी असते, मृतदेह तिथे न्यायला रात्रीचीच वेळ मिळते, आणि मृतदेहाची सीटी वाचायला शिकलेला माणूस सापडत नाही. यंत्रापेक्षा ही शेवटची उणीव मोठी आहे.

आता तुमचे प्रकरण. मृत्यूनंतरची सीटी झाली नाही याचे फार दुःख करू नका, कारण तुमच्याकडे त्याहून चांगली गोष्ट आहे: जिवंतपणीची, मार लागल्यानंतर काही तासांत झालेली सीटी, हातोडा लागण्याआधीची. आणि नव्वद टक्के वकिलांप्रमाणे तुम्हीही कदाचित फक्त फिल्म आणि एक पानी अहवाल मागवला असेल. फिल्मवर निवडक, जाड काप असतात, एकाच खिडकीत, म्हणजे उजळ-गडदच्या एकाच मांडणीत छापलेले. रुग्णालयाकडून मूळ डायकॉम फाइल्स (यंत्रातून निघालेल्या डिजिटल प्रतिमा) मागवा, सीडीवर किंवा थेट सर्व्हरवरून, पातळ कापांसकट. रुग्णालये ठरावीक काळानंतर पातळ काप पुसून टाकतात, म्हणून लगेच अर्ज करा, गरज पडली तर न्यायालयाकडून जपून ठेवण्याचा आदेश घ्या. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र, हॅश मूल्यासकट (फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या सांकेतिक आकड्यासकट), त्याच वेळी घ्या; ते प्रमाणपत्र दोन वर्षांनी मिळवताना नोकरी सोडून गेलेला तंत्रज्ञ शोधावा लागतो. मृतावर रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली असेल तर तिचे टिपणही मागवा. शवविच्छेदनात कवटीचा जो तुकडा 'नाही' असे लिहिले आहे तो सर्जनने काढलेला असतो, हे अनेकदा कुणी जुळवून पाहत नाही.

मग ती सीटी न्यायवैद्यक डॉक्टर आणि रेडिऑलॉजिस्ट या दोघांना एकत्र बसवून वाचून घ्या. त्यांना 'मारहाण आहे का' असे विचारू नका. विचारा: आघातबिंदू किती आणि कुठे, चिरांचा क्रम लागतो का, मेंदूचा चुराडा फ्रॅक्चरच्या बाजूला की विरुद्ध, चेहऱ्याची हाडे कशी आहेत, गुठळी एका वयाची की दोन, तिचे आकारमान किती आणि मेंदूची मध्यरेषा किती सरकली. आकारमानासाठी लांबी, रुंदी आणि जाडीचा गुणाकार करून त्याचा अर्धा घेतात, पुरेसा बरोबर अंदाज येतो. गुठळीत दोन छटा असल्या तर 'दोन वेळा मारहाण' असे कुणी लिहिले, तर त्याला अडवा: रक्त चालू असतानाही किंवा पाणी मिसळल्यावरही तशा छटा येतात. आणि त्यांच्यासमोर जिन्याचा पंचनामा, पायऱ्यांची उंची, कठड्यावरचे रक्ताचे डाग आणि शवविच्छेदनातले डोक्याच्या कातडीचे वर्णन ठेवा. ते वर्णन एका ओळीचे असेल, जसे ते बहुधा असते, तर त्या वेळी काढलेले फोटो मागा.

मृतदेहाचे दहन झाले असेल तर उरलेला पुरावा एवढाच. दफन झाले असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 196 खाली दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने तो बाहेर काढता येतो, आणि त्या वेळी सीटी खरोखर कामाची ठरते. मऊ भाग गेलेला असतो, पण कवटी बराच काळ टिकते. जिवंतपणीच्या सीटीतले चिरांचे टोक आणि दफन केलेल्या कवटीतले टोक शेजारी ठेवले की हातोड्याने किती भर घातली तेही मोजून दाखवता येते. अर्ज करताना कवटी धुण्याआधी आणि मातीसकट सीटी व्हावी, असे त्यात स्पष्ट लिहून घ्या.